जुनेराचा नवा बेत

घरातील जुने वस्त्र टाकून देण्याची रीत मराठी कुटुंबात फारशी कधी नव्हती. लुगडे विरले की त्याचे दुपटे होई, दुपट्याची गोधडी होई आणि अखेरीस पोतेरे होऊन ते चुलीपाशी पडे. पुढे तयार कपडे स्वस्त झाले, शिलाई महागली आणि अनेक घरांतील शिवणयंत्रावर बसलेले झाकण तसेच राहिले. आता जुनी साडी बोहारणीला देऊन पातेले घ्यावे की कपाटात पडू द्यावी, एवढाच प्रश्न उरतो. ज्या कापसासाठी विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसतो, त्याचे कापड अर्ध्या आयुष्यातच बाद ठरते.

वस्तुतः कोणतेही वस्त्र सर्वत्र सारखे झिजत नाही. सदऱ्याची कॉलर व कफ घडीवर फाटतात, परंतु पाठीचा भाग शाबूत असतो. पँट बैठकीत व गुडघ्यावर विरते; पोटरीचे कापड मात्र चांगले राहते. ही गोष्ट जुन्या पिढीतील स्त्रिया पुरतेपणी जाणत होत्या. सुमारे ८ मीटर लांबीचे नऊवारी लुगडे मध्यभागी विरले, की तेवढा भाग कापून दोन्ही धड टोके जोडली जात. या जोडाला ‘दांड’ म्हणत. दांडाचे लुगडे नेसणे हे गरिबीचे लक्षण मानले गेले खरे. पण त्यामागील कापडाची पारख कोणत्याही कसबी शिंप्याच्या तोडीची होती.

ही पारख घरच्या घरी करता येते. कपडा धुऊन, वाळवून उजेडासमोर धरावा. जेथून उजेड जास्त झिरपतो तेथे खडूने खूण करावी. मग दोन्ही अंगठ्यांनी कापड उभे व आडवे ताणून पाहावे. धागे सरकले किंवा बारीक ‘चर्र’ असा आवाज आला, तर तो भाग यंत्रावर घालू नये. शिवण कातरीने कापून टाकण्याऐवजी उसवावी. वेळ जातो, पण शिवणीत दडलेली माया हाती येते आणि लहान बेतात बोटभर कापडही मोलाचे ठरते.

सदऱ्याच्या पाठीतून तान्ह्या बाळाचे झबले सहज निघते. अनेकदा धुतलेले सुती कापड नव्यापेक्षा मऊ असते. पॉलिएस्टरचे प्रमाण अधिक असलेले कापड मात्र त्यासाठी वापरू नये. ते घाम शोषत नाही. शंका असल्यास कापडाचे दोन-चार धागे चिमट्यात धरून, इतर कपड्यांपासून दूर, जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळून त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कठीण मणी बनतो. सदऱ्याचा पुढचा भाग गुंड्या-काजांसह तसाच ठेवून उशीचा अभ्रा बेतावा. काजे करण्याचे किचकट काम आपोआप वाचते.

साडीचा बेत याहून सोपा. दोन्ही बाजूंना किनार असलेल्या, सुमारे ११५ सेंटीमीटर पन्ह्याच्या साडीचा दोन मीटर धड भाग घेऊन तो पन्ह्याच्या मध्यावर लांबीच्या दिशेने कापावा. प्रत्येकी साधारण ५७ सेंटीमीटर उंचीचे दोन पट्टे मिळतात. कापलेल्या बाजूस नेफा करून नाडी ओवली, की तीन-चार वर्षांच्या मुलीचे दोन परकर तयार! खाली किनार असल्याने ती कड दुमडावीही लागत नाही.

शिवताना टीप किंचित मोठी ठेवावी. बारीक टिपेची जवळजवळ पडलेली छिद्रे जुन्या कापडाला टपाल तिकिटाच्या कडेसारखी कमजोर करतात. सुई नवी व बारीक असावी, दोरा फार जाड नसावा. उरेब बेत शक्यतो टाळावा, कारण तिरके कापलेले जुने कापड ताणले जाऊन आकार सोडते. अंगाबरोबर घट्ट बसणाऱ्या पोलक्यापेक्षा सैल झबले किंवा परकर अधिक टिकतो, तो याचमुळे.

पैठणीच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतलेला बरा. वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिलेले रेशीम घडीवरच तुटते. त्यामुळे धड दिसणारी पैठणीही बेतताना दगा देऊ शकते. घड्यांच्या रेषा टाळून बेत बसत असेल, तरच कातर चालवावी. अन्यथा काठ-पदर अलगद सोडवून, खाली अस्तर देऊन, नव्या कापडावर हाताने टाचावेत. आईच्या पैठणीवर एकदा कातर चालली, की ती पुन्हा नेसता येत नाही. घरातील सर्वांना विचारूनच हा निर्णय घ्यावा.

एवढे करूनही विरलेले तुकडे उरतातच. त्यांची जागा गोधडीत. तेथे अनेक थर एकत्र असतात आणि जवळजवळ घातलेल्या धावदोऱ्यामुळे ताण एका जागी न येता सर्वत्र वाटला जातो; म्हणूनच एकेकटे फाटणारे कापड गोधडीत आणखी कित्येक हिवाळे काढते. जाड्याभरड्या पँटचे तुकडे मात्र तिच्यात घालू नयेत. हाताची सुई त्यातून जात नाही आणि धुतल्यावर गोधडी वाळता वाळत नाही.