झहीर खान: डावा हात, दुखरा खांदा

झहीर खानने 2000 ते 2014 या काळात भारताकडून 92 कसोटी खेळून 311 बळी घेतले. त्याच्याआधी तीनशेचा टप्पा गाठणारा भारतीय वेगवान गोलंदाज एकच, कपिल देव. चंडीगडच्या सेक्टर 16 च्या मैदानावर घडलेला कपिल 131 कसोटी खेळला आणि दुखापतीपायी एकाही कसोटीला मुकला नाही. झहीरची कारकीर्द मात्र दुखापतींनी तुकड्यातुकड्यांत खेळली गेली, आणि त्याची कला समजून घ्यायची तर या तुकड्यांकडेच पाहावे लागते.

जन्म 1978 चा, श्रीरामपूरचा. सतराव्या वर्षी वडिलांनी त्याला मुंबईत आणले. तिथे प्रशिक्षक सुधीर नाईक यांनी त्याला घडवले. पुढे चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन, मग बडोद्याचा रणजी संघ, आणि 2000 च्या ऑक्टोबरात नैरोबीत आंतरराष्ट्रीय पदार्पण.

वेगवान गोलंदाजीत शरीर नेमके कुठे झिजते? डावखुरा गोलंदाज चेंडू सोडताना उडी घेऊन उजव्या पायावर उतरतो. त्या क्षणी अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार घोटा, गुडघा आणि कंबरेवर येतो, आणि दिवसाला अठरा षटके म्हणजे हे 108 वेळा. तुलनेसाठी, बेसबॉलचा पिचर (चेंडू टाकणारा) कोपर वाकवून फेकतो, म्हणून त्याच्या कोपराचा अस्थिबंध तुटतो. पण एका सामन्यानंतर त्याला चारएक दिवस विश्रांती मिळते. कसोटीतल्या गोलंदाजाला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धावायचे असते.

डिसेंबर 2003 मध्ये ब्रिस्बेनला झहीरने 95 धावांत 5 बळी घेतले, पण मांडीमागचा स्नायू दुखावल्याने दौरा अर्धवट सोडून त्याला परतावे लागले. 2006 मध्ये संघातील जागाही गेली. तेव्हा तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायरकडे गेला आणि एका मोसमात काउंटी चॅम्पियनशिपचे 78 बळी घेऊन आला. धाव आखूड झाली होती, वेगाची जागा डोक्याने घेतली होती. 2007 मध्ये ट्रेंट ब्रिजला त्याने सामन्यात 9 बळी घेतले आणि भारताने इंग्लंडमधली मालिका जिंकली.

पुढेही शरीर थांबवतच राहिले. 2007-08 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाय दुखावला, 2009 मध्ये खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. पण याच वर्षांत त्याची हातचलाखी पक्की झाली. रिव्हर्स स्विंगसाठी चेंडूची चकाकती बाजू कुठे आहे हे फलंदाजाला दिसू नये म्हणून तो धावत येताना डाव्या हातातला चेंडू उजव्या तळव्याने झाकत असे. दुसरे हत्यार थेट बेसबॉलमधून आलेले, नकल बॉल. तर्जनी आणि मधले बोट दुमडून चेंडू त्यांच्या पेरांवर टेकवायचा आणि फिरकी न देता ढकलायचा. हात पूर्ण वेगाने येतो, चेंडू मात्र उशिरा. 2011 च्या विश्वचषकात चेन्नईला डेव्हॉन स्मिथ आणि अहमदाबादला माइक हसी असेच त्रिफळाचीत झाले. स्पर्धेत त्याचे 21 बळी, शाहिद आफ्रिदीसह सर्वाधिक. अंतिम सामन्यातल्या त्याच्या पहिल्या पाच षटकांपैकी तीन निर्धाव आणि धावा फक्त 6. दुखऱ्या शरीराने इतके नेमके फळ क्वचितच दिले असेल.

साडेतीन महिन्यांनी लॉर्ड्सवर, 13.3 षटकांत 18 धावा देऊन 2 बळी घेतल्यावर, मांडीमागच्या स्नायूने पुन्हा दगा दिला. तो मैदानाबाहेर गेला, भारत इंग्लंडविरुद्धची मालिका 4-0 ने हरला. एका माणसाच्या मांडीवर संघाचा किती भार होता, हे त्या आकड्यांत दिसते. घोट्यावर शस्त्रक्रिया झाली. 2012 च्या अखेरीस तो पुन्हा संघाबाहेर पडला, तेव्हा सहकारी युवराजसिंगसोबत फ्रान्समध्ये जाऊन शरीर कमावले आणि डिसेंबर 2013 मध्ये जोहान्सबर्गला जॅक कॅलिसला बाद करून तीनशेवा बळी टिपला.

शेवटची कसोटी वेलिंग्टनची, फेब्रुवारी 2014. ब्रेंडन मॅक्युलमने 302 धावा काढल्या त्या डावात पस्तिशीतला झहीर 51 षटके टाकत राहिला आणि 170 धावांत 5 बळी घेतले. 15 ऑक्टोबर 2015 रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली. दिवसाला अठराएक षटकांचा ताण खांदा आता सोसणार नाही, असे त्याचे कारण होते.