उन्हाळ्यात परस जगविताना

उन्हाळ्यात झाडांना आणि पाखरांना पाणी घालावे असे आमच्या लातूर जिल्ह्यात कुणी म्हटले, की एक प्रश्न हमखास येतो : "इथे माणसांना प्यायला नाही, आणि तुम्ही पाखरांचे काय घेऊन बसलात?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या व त्यांत ५ लाख लिटर पाणी होते. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या गावात टँकर येई, आणि घागरी रांगेत लावून बसण्याचे काम घरातल्या मुलींकडे असे. तेव्हा पाण्याची किंमत मला कुणी शिकवायला नको.

तरीही मी म्हणते की परस जगविता येतो, आणि तो माणसांच्या तोंडचे पाणी काढून नव्हे. आपण एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरायचे, आणि ते जमिनीत गेल्यावर उडून जाऊ द्यायचे नाही, एवढेच त्यातले मुख्य काम आहे.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. भूगोलाच्या तासाला 'बाष्पीभवन' हा शब्द फळ्यावर लिहिला गेला तेव्हा तो मला परका वाटला नाही, कारण माझी आजी दर उन्हाळ्यात त्याच्याशीच झगडत असे. तिने १९७२ चा दुष्काळ पाहिलेला. तिचा दंडक ठरलेला होता : न्हाणीचे पाणी केळीला, भांड्यांचे कर्दळीला आणि धुण्याचे रस्त्याला. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी मात्र थेट कढीपत्त्याच्या आळ्यात. धुण्याचे पाणी रस्त्याला का, हे तिने कधी सांगितले नाही. कारण असे आहे की धुण्याचा सोडा व साबणाची पूड यांत सोडियमचे क्षार असतात. आपली काळी जमीन आधीच थोडी क्षारांकडे झुकलेली. त्यात सोडियम वाढले की मातीची ढेकळे फुटून ती चिकट होते, वाळल्यावर दगडासारखी बनते, आणि पुढे पाऊस पडला तरी पाणी आत मुरत नाही. पूर्वी भांडी राखेने घासत, म्हणून ते पाणी कर्दळीला चाले. आता वडी आली आहे. तेव्हा भांड्यांचे पहिले फेसाळ पाणी सोडून शेवटचे खळबळलेले पाणी तेवढे घ्यावे.

पाणी केव्हा घालावे हे किती घालावे याहून महत्त्वाचे आहे. पहाटे किंवा दिवस मावळल्यावर घालावे, हे सर्वांना ठाऊक असते. पण दुपारी दोन वाजता जास्वंदीची किंवा भोपळ्याची पाने माना टाकतात तेव्हा आपल्याला राहवत नाही, आणि आपण तांब्या घेऊन धावतो. वास्तविक भर दुपारी पानांतून जितके पाणी उडते तितके मुळांना वर चढविता येत नाही, म्हणून माती ओली असूनही पाने मलूल होतात. ती संध्याकाळी सावरली तर झाडाला काही झालेले नाही. सकाळीसुद्धा मान खाली असेल तर मात्र झाड खरेच तहानले आहे असे समजावे. शंका आली तर बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. शिवाय रोज वाटी वाटी पाणी शिंपडल्याने मुळे वरच्या वरच राहतात व तिथेच भाजून निघतात. चार दिवसांनी एकदा, पण सावकाश आणि खोल मुरेल असे पाणी दिले, तर मुळे खाली उतरतात. उन्हाळ्यात छाटणी आणि रासायनिक खत दोन्ही टाळावीत. त्यांनी कोवळी पालवी फुटते, आणि कोवळ्या पालवीला पोसायला पाणी आणायचे कुठून?

काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. ती वाळली की भेगाळते. या भेगा म्हणजे खालच्या ओलीला वर पळण्याच्या वाटाच. शिवाय भेग पडताना बारीक मुळे तुटतात ती वेगळीच. म्हणून खुरप्याने वरची बोटभर माती मोकळी करून भेगा बुजवाव्यात. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आमच्याकडे शेतकरी म्हणतात, ते याच अर्थाने. त्यावर चार बोटे पाचोळ्याचे आच्छादन घालावे. पुस्तकात यासाठी कडबा किंवा भुसा सांगितलेला असतो. परंतु दुष्काळात ती जनावरांची वैरण, तिला हात लावणे मला पटत नाही. पाचोळा कुणी खात नाही. आणि मौज अशी की कडुनिंब आपली पाने माघ-फाल्गुनात, म्हणजे नेमकी गरजेच्या तोंडावर, फुकट ढाळतो. आपण काय करतो? झाडून ढीग लावतो आणि काडी ओढतो. महाविद्यालयांच्या आवारांतही हेच चालते. स्वच्छतेच्या नावाखाली जमिनीचे पांघरूण जाळायचे, आणि वैशाखात रोपे वाळली म्हणून हळहळायचे! त्या पाचोळ्याखाली गांडुळे, गोगलगायी, सरडे दिवस काढतात. बेडूक ओलसर मातीत पुरून घेऊन पावसाची वाट पाहत पडून असतो. काडीने ते सारे जाते.

पाखरांचा विचार थोडा निराळा करावा लागतो. पक्ष्यांना घाम येत नाही. साळुंकी किंवा कावळा दुपारी चोच उघडी टाकून बसतो तो धापा टाकून तोंडातले पाणी उडवीत असतो, त्यानेच त्याचे अंग निवते. म्हणजे थंड राहायलाच त्याला पाणी खर्चावे लागते. त्यात बुलबुल, चिमणी यांची पिल्ले ऐन उन्हाळ्यातच घरट्यांत असतात. मधमाश्यासुद्धा पाणी नेऊन पोळ्यात त्याचे थेंब पसरतात व पंखांनी वारा घालतात. माठ गार होतो त्याच न्यायाने पोळे निवते.

यांच्यासाठी मातीचे उथळ परळ सर्वांत बरे. स्टीलचे ताट तापते आणि पाय घसरतो. पाणी दोन-तीन बोटांपेक्षा खोल नको, आणि मधे एखादा दगड हवाच, नाहीतर माशी बुडते. परळ सावलीत ठेवावे, पण झुडपाला चिकटून नको. मांजर तिथेच दबा धरते. असे परळ ठेवले की बसून पाहावे : चिमणी घोट घेऊन दर वेळी मान वर करते, होला मात्र चोच बुडवून गुरासारखा एका दमात पितो. एवढ्याला पाणी लागते जेमतेम तांब्याभर. रोज सकाळी ते शिळे पाणी झाडाला ओतावे व परळ काथ्याने घासावे. यात आळस नको. डेंग्यू पसरविणारा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्याच्या कडेला अंडी चिकटवितो, आणि ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने टिकतात. नुसते पाणी बदलून भागत नाही ते यामुळे.

खरी अडचण मे महिन्यात येते. परीक्षा संपतात, सुटी लागते, आणि जुलैमध्ये छायाचित्रासह लावलेली रोपे निराधार होतात. पुढच्या जुलैत खड्डा तोच, रोप नवे! यावर मडक्याचा उपाय मी घरी करते. अरुंद तोंडाचे, न रंगविलेले मडके रोपापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि वर झाकण ठेवायचे. मडके मातीला लागेल तेवढेच पाणी पाझरते; माती ओली असली की पाझर मंदावतो. आमच्या लिंबाजवळचे मडके मला चौथ्या दिवशी भरावे लागते. तुळशीवर वैशाखात गळती लावतात, तिचाच हा भूमिगत भाऊ. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी गावातच राहणाऱ्या चौघांची पाळी लावली, तरी आवारातली रोपे निघतील. घरचा जुना, पाणी गार न करणारा माठ यासाठी घेऊ नये. त्याची छिद्रे क्षारांनी बुजलेली असतात. घ्यायचाच तर बाहेरून खरखरीत विटेने घासून, पाणी भरून, एक रात्र पाहावे. सकाळी अंग ओले दिसले तर तो कामाचा.

मृग लागून पाऊस सुरू झाला, की खोडाभोवतीचा पाचोळा वीतभर मागे ओढावा, नाहीतर भिजून साल कुजते. हे काम काडीने करावे. त्याच्याखाली बेडूक असतो, तसा विंचूही असतो.