पाणी सुटतंय, तरी कॉइल जळते

तारापूरच्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी दोन ठिकाणी एकाच कामाला जुंपलेलं आहे. १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीज केंद्रात ते वाफेची उष्णता काढून घेतं आणि पुन्हा समुद्राला मिळतं. खाडीतून बाहेर पडणाऱ्या छोट्या होडीच्या आउटबोर्ड मशीनमध्ये रबरी इम्पेलर तेच पाणी वर चढवतो, सिलिंडरभोवती खेळवतो आणि त्यातली एक बारीक धार बाहेर सोडतो. धार सुटतेय म्हणजे मशीन थंड आहे, असा हिशेब असतो आणि इंजिनापुरता तो बरोबरही आहे. पण त्याच मशीनच्या डोक्यावर, फ्लायव्हीलच्या पोटात, वीज तयार करणारी कॉइल असते. तिथे या पाण्याचा थेंबही पोचत नाही. तिला थंडावा मिळतो तो हवेचा, आणि ती हवाही इंजिनाने आधीच तापवलेली. म्हणून धार जोरात सुटत असतानाही कॉइल करपते, रेक्टिफायरला हात लावता येत नाही. अशा वेळी जळलेला भाग काढून नवा बसवला की काम झालं, असं समजणं महागात पडतं. माझं म्हणणं असं की जुन्या आउटबोर्डच्या चार्जिंगमध्ये जो भाग जळतो तो बहुतेकदा दुसऱ्याचं पाप फेडत असतो. मूळ दोष बॅटरीत, जोडात किंवा होडीवर वाढवलेल्या दिव्यांत असतो, आणि तो तसाच राहिला तर नवा भागही त्याच वाटेने जातो.

यंत्रणा मोटारसायकल वापरणाऱ्याला परकी नाही. फ्लायव्हीलला आतून चुंबक चिकटवलेले असतात, ते स्थिर कॉइलभोवती फिरतात आणि उलटसुलट वाहणारी वीज तयार होते. रेक्टिफायर तिला एका दिशेची करून बॅटरीकडे धाडतो. त्यातल्या डायोडांच्या जोडीवर सुमारे १.४ व्होल्ट खर्ची पडतात. प्रवाह १० अँपिअर असेल तर १४ वॉट उष्णता त्या मूठभर डबीत तयार होते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नच्या निम्म्याहून जास्त. तेव्हा रेक्टिफायर गरम लागणं हा दोष नव्हे. तो नेहमीपेक्षा जास्त का तापला, हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर डबीच्या आत क्वचितच सापडतं.

जुन्या मशीनपैकी अनेकांत नुसता रेक्टिफायर असतो, व्होल्टेजला लगाम घालणारा रेग्युलेटर नसतोच. तिथे लगामाचं काम बॅटरी करते: भरत आली की कमी प्रवाह घेते, आणि उरलेला मार ती आपलं पाणी उकळून सोसते. पाणी घालायच्या साध्या लेड-अॅसिड बॅटरीला हे जमतं, कारण उडालेलं पाणी पुन्हा भरता येतं. तिच्या जागी सीलबंद बॅटरी बसवली की 'मेंटेनन्स फ्री'चा फायदा सोडाच, बॅटरीच फुगते. बॅटरीचा एक सेल शॉर्ट झाला तर प्रकरण आणखी बिघडतं. सहा सेलांची बॅटरी पाचांवर आली की ती भरल्याचं व्होल्टेज कधी गाठतच नाही. मशीन चालू असेपर्यंत पूर्ण प्रवाह ओढत राहते, आणि कॉइल व रेक्टिफायर यांना विसावा म्हणून मिळत नाही. पश्चिम किनाऱ्यावर तर याला ऋतूचीही साथ आहे. १ जूनपासून ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत होडी किनाऱ्यावर ओढलेली असते. चार्ज न करता ठेवलेली बॅटरी आपोआप उतरते, तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं आणि दमट खारी हवा टर्मिनलांवर हिरवट बुरा चढवते. नारळी पौर्णिमेनंतर तीच बॅटरी घेऊन पहिल्याच फेरीत मशीन जोरात पळवलं, तर चार्जिंगवर वर्षातला सर्वांत मोठा भार सर्वांत वाईट जोडांमधून जातो.

जोडांचा हिशेब तर थक्क करणारा आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गंजलेल्या एका जोडाचा विरोध ०.१ ओहम इतका नगण्य धरला, तरी १० अँपिअरला तिथे १० वॉट उष्णता साठते, तीही नखाएवढ्या पितळी पिनेत. म्हणून जळाल्याची जागा नीट पाहावी. कनेक्टरची एकच पिन तपकिरी झाली असेल आणि शेजारच्या स्वच्छ असतील, तर दोष त्या जोडाचा. संपूर्ण कॉइल सारखी काळवंडली असेल तर प्रवाह जास्त किंवा हवा कमी. कॉइलचा एकच कोपरा जळाला असेल तर बहुधा आतलं वायंडिंग शॉर्ट झालेलं असतं. तेव्हा मात्र कॉइललाच दोषी धरावं. मीटरची कामंही मोजकी आहेत. काही तास स्वस्थ राहिलेल्या भरलेल्या बॅटरीत १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. मशीन चालू करून वेग वाढवला की १४ ते १४.५. आकडा १५ च्या वर चढत राहिला तर लगाम नाही. मग रेक्टिफायरच्या बाहेरच्या टोकापासून बॅटरीच्या धन टर्मिनलपर्यंत, आणि तसंच अर्थच्या बाजूला, मशीन चालू असताना किती व्होल्ट गळतात ते मोजावं. अर्धा व्होल्ट गळत असेल तर नव्या कॉइलचे पैसे अजून खिशातच ठेवावेत.

यावर खरा तांत्रिक आक्षेप असा की ज्या मशीनला शंट पद्धतीचा रेग्युलेटर आहे तिथे बॅटरीला दोष देणं चूक ठरतं. हा रेग्युलेटर जादा वीज थांबवत नाही, कॉइलची टोकं आपसांत जोडून ती तिथेच फिरवतो. त्यामुळे बॅटरी भरलेली असो वा रिकामी, कॉइलमधून जवळपास सारखाच प्रवाह वाहतो. रेग्युलेटर तर बॅटरी भरल्यावरच जास्त तापतो. आक्षेप मान्य आहे, आणि त्याने माझं म्हणणं ढिलं न पडता नेमकं होतं. तिथे संशय बॅटरीवरून उठतो आणि जोड, अर्थ व रेग्युलेटरची बैठक यांच्यावर जातो. काही मशीनमध्ये ही बैठक पाण्याने थंड होते. तिथे मिठाची खपली साचली तर धार सुटत असूनही रेग्युलेटर भाजतो. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: मीटर लावत बसायला वेळ कुणाला, भरती थांबत नाही. सातपाटी-डहाणूच्या मोठ्या बोटींत आत बसवलेलं डिझेल इंजिन असतं, त्यामुळे आउटबोर्डचा जाणकार इथे दुर्मीळ, हेही खरं. पण बोईसरमध्ये मोटारसायकलचं चार्जिंग तपासणाऱ्या कारागिराला हेच काम येतं, कारण चुंबक, कॉइल आणि रेग्युलेटर ही रचना तीच आहे.

उरला तो भार. जुन्या लहान आउटबोर्डची चार्जिंग क्षमता बऱ्याचदा ६ ते १० अँपिअर, तीही पूर्ण वेगाला. ५५ वॉटचे दोन हॅलोजन लावले की ९ अँपिअर त्यांनीच खाल्ले. जाळ्यावर मशीन मंद चालतं तेव्हा दिवे बॅटरी रिकामी करतात, आणि परतताना पूर्ण वेगात ती भूक एकदम भागवावी लागते. इथे दिवे बदलून एलईडी लावणं हीच दुरुस्ती. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही २१० मेगावॉटच्या होत्या, पुढे त्या १६० वर उतरवून चालवल्या गेल्या. यंत्राला झेपेल तेवढंच मागण्यात कमीपणा नाही. जुन्या मशीनला लिथियम बॅटरी जोडणं हा नेमका उलटा उद्योग. ती भरेपर्यंत जोरात प्रवाह ओढते आणि भरल्यावर तिचं संरक्षक सर्किट झटक्यात तुटलं, की बिनलगाम व्होल्टेज उसळून डायोड फोडतं. चालू मशीनवर बॅटरीची वायर काढून पाहण्याची सवयही याच कारणाने सोडावी.

जळका रेक्टिफायर घेऊन बोईसर किंवा पालघरच्या दुकानात जाणाऱ्याने त्याचा करपलेला कनेक्टर आणि होडीवरची बॅटरीही सोबत न्यावी.