जिम्मा आणि वतन

गावच्या महजरांत, दिवाणी ताकिदांत आणि घरगुती बोलण्यातही आपण जे 'हक्क', 'जिम्मा', 'रयत' आणि 'वतन' हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आलो, ते मूळचे अरबी असून फारशीच्या वाटेने दख्खनच्या दफ्तरांत शिरले, हे अभ्यासकांस नवे नाही. परंतु इस्लामी विचारात नागरिकाच्या अधिकाराचा पाया कोणता, या प्रश्नाचा बराचसा इतिहास त्यांपैकी जिम्मा आणि वतन या दोनच शब्दांत साठलेला आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. (रयत म्हणजे मुळात राखणीतला कळप; तिचा विचार करू लागलो तर वेगळाच लेख होईल.)

इ.स. 622 मध्ये पैगंबर मक्का सोडून यस्रिबला, म्हणजे पुढच्या मदीनेस, आले, तेव्हा औस आणि खजरज या दोन अरब टोळ्या आपसांतील रक्तपाताने थकलेल्या होत्या आणि त्यांच्याशी निरनिराळ्या नात्यांनी बांधलेली यहुदी कुळे त्यांच्या शेजारीच नांदत होती. या सर्वांत जो करारनामा झाला, त्यास 'सहीफा' म्हणतात. तो इब्न इसहाकाच्या चरित्रग्रंथात आणि अबू उबैदाच्या महसुलविषयक ग्रंथात आपणापर्यंत आला, आणि वेलहाउसेन या जर्मन पंडिताने त्याची 47 कलमे पाडली. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील मुहम्मद हमीदुल्ला यांनी त्यास जगातील पहिली लिखित राज्यघटना म्हटले. मला हा गौरव अंमळ जास्त वाटतो. कोणत्या कुळाने कोणाची खूनभरपाई द्यावी, बंदिवानाची सोडवणूक कोणी करावी, कर्जाने पिचलेल्यास कोणी हात द्यावा, असल्या खटल्यांनी भरलेला हा कागद मला तरी घटनेपेक्षा आपल्याकडील गोतसभेच्या निवाड्याच्या अधिक जवळचा वाटतो. आणि त्याचे मोलही त्यातच आहे, कारण त्यात अधिकार आकाशातून उतरत नाही, तो एकमेकांस दिलेल्या शब्दातून उभा राहतो.

त्या दिलेल्या शब्दाचेच नाव जिम्मा. अगदी खालच्या पायरीवरच्या श्रद्धावंतानेही कोणास अभय दिले तर ते सर्वांवर बंधनकारक राहील, असा त्या करारनाम्याचा दंडक आहे. हा दंडक नुसता कागदावर राहिला नाही. इ.स. 630 मध्ये मक्का हाती आली त्या दिवशी अलींची बहीण उम्म हानी पैगंबरांकडे गेली. ते स्नान करीत होते आणि कन्या फातिमा पडदा धरून उभी होती. आपण ज्यास आश्रय दिला त्यास आपला सख्खा भाऊच मारावयास निघाला आहे, अशी तिने तक्रार केली, तेव्हा तू ज्यास अभय दिलेस त्यास आम्हीही दिले, असा निकाल तिला मिळाला. एका स्त्रीच्या शब्दाने एका विजयी योद्ध्याची तलवार अडली.

करारातील यहुद्यांच्या कलमाबाबत दोन्ही ग्रंथांत एका अव्ययाचे अंतर आहे: एका पाठात बनू औफ कुळाचे यहुदी श्रद्धावंतां'सह' एक समुदाय होतात, दुसऱ्यात श्रद्धावंतां'पैकी'. सह की पैकी, या भेदावर पंडितांनी शाई आटवली. मदीनेतील घटनांनी मात्र तो वाद थोड्याच वर्षांत निरर्थक केला. कैनुका व नझीर ही कुळे हद्दपार झाली आणि 627 मध्ये कुरैझा कुळातील पुरुषांचा वध झाला. जो लेखक सहीफ्याचे गोडवे गातो आणि येथे पान उलटतो, त्याच्यावर विसंबू नये.

पुढे साम्राज्य वाढले तसा जिम्मा शब्द आक्रसला. सर्वांनी सर्वांस द्यावयाचे अभय, हा अर्थ मागे पडून मुसलमान सत्तेने जिझिया कराच्या मोबदल्यात इतर धर्मीयांस दिलेले संरक्षण, एवढाच उरला. खलिफा हारून अल् रशीदसाठी लिहिलेल्या 'किताबुल् खराज'मध्ये काझी अबू यूसुफने ऐपतीनुसार वर्षाला 48, 24 आणि 12 दिरहम असे दर सांगितले, स्त्रिया, मुले व निर्धन यांना त्यातून वगळले, आणि वसुलीसाठी कोणास मारू नये वा उन्हात उभे करू नये, अशी ताकीदही दिली. ताकीद द्यावी लागते ती तसे घडत असते म्हणूनच, हे दफ्तरे चाळणारास सांगावयास नको.

तरीही या काळात एक विचार असा निपजला की त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. माणसाचे रक्त सांडणे निषिद्ध का, या प्रश्नास शाफई पंथाचे उत्तर श्रद्धा अथवा करार असे होते. हनफी शास्त्रींनी मात्र त्या रक्ताचे कायदेशीर मोल भूमीशी, म्हणजे जेथे कायद्याचा अंमल आहे त्या मुलखाच्या आसऱ्याशी, जोडले. परिणाम साधा नव्हता: हनफी मतात ख्रिस्ती वा यहुदी जिम्मीची, म्हणजे अशा संरक्षिताची, खूनभरपाई मुसलमानाएवढीच, मालिकी मतात निम्मी, शाफई मतात एकतृतीयांश. (आपल्या कोकणातील मुसलमान शाफई आणि मराठवाड्यातील बहुतांशी हनफी, हा योगायोग येथे नोंदवून ठेवतो.) जिम्मीची साक्ष मुसलमानाविरुद्ध हनफी काझीही स्वीकारीत नसे, हेही सांगितलेच पाहिजे; पण भूमीवरून हक्क ठरू शकतो, ही कल्पना शास्त्रात शिरली होती.

त्या कल्पनेस नाव मिळावयास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. अरबीत वतन म्हणजे राहते ठिकाण, गुराढोरांच्या बसण्याची जागासुद्धा. आपल्याकडे त्याचा वंशपरंपरागत हक्क झाला, आणि तिकडे त्याच धातूपासून 'मुवातिन', म्हणजे नागरिक, हा शब्द घडला. उस्मानी सुलतानाने 1856 च्या फर्मानाने धर्मभेदाविना समान वागणूक जाहीर केली, 1869 च्या कायद्याने प्रजाजनत्वाची व्याख्या धर्मावाचून झाली. हिंदुस्थानात 1938 मध्ये देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी आजच्या काळात कौम, म्हणजे राष्ट्र, वतनावरून बनते असे प्रतिपादन केले आणि आधार म्हणून तोच मदीनेचा करार पुढे केला. मृत्युशय्येवरील कवी इकबालांनी त्यांना कडाडून विरोध केला, कारण त्यांच्या मते मुसलमानांची कौम मातीवरून ठरणे हाच श्रद्धेचा पराभव होता. दोघेही विद्वान, दोघेही श्रद्धावान. आणि पुढे देशाचे जे झाले त्यात दोघांच्याही भूमिकांचा वाटा आहे.

1985 मध्ये फहमी हुवैदी या इजिप्शियन लेखकाने या विषयावर एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'मुवातिनून ला जिम्मिय्यून'. वतन आणि जिम्मा हे आमच्या दफ्तरांतले दोन्ही शब्द तेथे समोरासमोर उभे आहेत, आणि मधल्या 'ला'चा अर्थ 'नव्हे'.