बर्फाच्या रंगाईत सोडा कशाला?

बर्फ वितळता वितळता कापडावर नक्षी उमटवतो. ती टिकवतो मात्र सोडा.

काय? सोडा अ‍ॅश म्हणजे सोडियम कार्बोनेट, पाण्याचा अंश नसलेला धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा इथे चालत नाही. त्याचा अल्कधर्म कमी पडतो.

का? या रंगाईत वापरतात ते ‘प्रोसियन’ जातीचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग १९५६मध्ये बाजारात आले. पाणी अल्कधर्मी असेल तरच ते सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडतात. सोडा विसरलात, तर बहुतेक रंग पहिल्याच धुण्यात मोरीत.

किती? चार लिटर कोमट पाण्यात साधारण पाव किलो. कापड १५-२० मिनिटे भिजवून घट्ट पिळा, जाळीवर चुरगळून ठेवा. वर बर्फ, बर्फावर रंगाची पूड. मग २४ तास हात लावू नका.

खडे मिळाले तर? खड्यांच्या सोड्यात निम्म्याहून जास्त वजन पाण्याचेच. १०० ग्रॅम पुडीऐवजी २७० ग्रॅम खडे घ्या.

सांभाळा : सोड्याचे पाणी बोटांना बुळबुळीत लागते, ते कातडीवर होणाऱ्या परिणामामुळे. हातमोजे घाला, पूड उडते म्हणून मास्कही. अ‍ॅल्युमिनियमचे पातेले नको. पॉलिएस्टरवर हा रंग चढतच नाही.