विश्लेषण : दादर ‘टीटी’मधला टीटी गेला कुठे? बेस्टच्या मोफत संग्रहालयात सापडणारी मुंबई

दादर पूर्वेला बस थांबली की कंडक्टर आजही ‘टीटी, टीटी’ असा पुकारा करतात. उतरणाऱ्यांपैकी अनेकांना टीटी म्हणजे काय हे माहीत नसते, आणि त्यावाचून कोणाचे अडतही नाही. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. शहरातील शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी धावली. म्हणजे नाव देणारे वाहन जाऊन साठ वर्षे उलटली, पण पत्ता तोच राहिला. मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झालेली अशी वाहने वडाळ्याजवळच्या आणिक आगारात, बेस्टच्या संग्रहालयात भेटतात. प्रवेशाला तिकीट नाही. तरीही संग्रहालये म्हटली की मुंबईकराला काळा घोडा किंवा राणीचा बाग आठवतो, बसचे आगार नाही.

हे संग्रहालय आगारातच का?

बेस्टमधील पी. डी. परांजपे यांच्या पुढाकारातून हे संग्रहालय १९८४ मध्ये कुर्ला आगारात सुरू झाले आणि १९९३ मध्ये आणिक आगारात हलवण्यात आले. बाहेरून नेमलेल्या तज्ज्ञांनी नव्हे, तर ज्या खात्याने शहर चालवले त्याच खात्यातल्या माणसाने जुन्या वस्तू भंगारात जाण्याआधी उचलून ठेवल्या, असा हा प्रकार. त्यामुळे इथे झगमगाट शोधू नये. घोड्यांच्या ट्रामपासून बसगाड्यांपर्यंतच्या लहान प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकिटांची यंत्रे आणि छायाचित्रे असा ऐवज आहे. बाहेर आगारात बसगाड्यांची ये-जा सुरू असते. इतिहास आणि वर्तमान एकाच आवारात असलेली अशी जागा शहरात क्वचितच सापडेल.

घोड्यांची ट्राम नेमकी कशी आली?

मुंबईत ट्राम चालवण्याची पहिली कल्पना १८६५ ची. एका अमेरिकी कंपनीने परवाना मागितला आणि तो मिळालाही. पण अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे चढे भाव कोसळले आणि त्या भावांवर फुगलेली मुंबईची बाजारपेठही खाली आली. योजना कागदावरच राहिली. पुढे १८७३ मध्ये बॉम्बे ट्रामवे कंपनी स्थापन झाली आणि ९ मे १८७४ रोजी पहिली ट्राम धावली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीपर्यंत. डबा रुळांवरून एक किंवा दोन घोडे ओढत. यासाठी स्टर्न्स अँड किट्रिज कंपनीकडे ९०० घोड्यांची पागा होती. ही पागा जिथे होती, तिथे आज कुलाब्याचे इलेक्ट्रिक हाऊस उभे आहे.

सुरुवातीचे भाडे तीन आणे. सोळा आण्यांच्या रुपयात ही रक्कम किरकोळ नव्हती. प्रतिसाद वाढला तसे भाडे दोन आण्यांवर आले. गंमत पुढे आहे. सुरुवातीला तिकीट दिलेच जात नसे. फुकट्या प्रवाशांची संख्या एवढी वाढली की त्याच वर्षी तिकिटे छापावी लागली. म्हणजे मुंबईत सार्वजनिक वाहतूक आणि विनातिकीट प्रवास यांचे वय जवळपास सारखेच आहे.

‘बेस्ट’च्या नावात वीज आधी का?

बेस्टचा विचार करताना डोळ्यांसमोर लाल बस येते, पण मूळ नावात बस नव्हतीच. १९०५ मधील ही कंपनी म्हणजे बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज. घोड्यांऐवजी विजेवर ट्राम चालवायची तर आधी वीज हवी. त्यासाठी त्याच वर्षी वाडीबंदरला ४,३०० किलोवॉट क्षमतेचे वीज केंद्र उभे राहिले. ७ मे १९०७ रोजी पहिली विजेची ट्राम धावली आणि घोडे हळूहळू निवृत्त झाले. गर्दी वाढल्यावर १९२० मध्ये ट्रामही दुमजली झाली. डबल डेकर म्हणताच फक्त बस आठवणाऱ्यांनी संग्रहालयातली दुमजली ट्रामची प्रतिकृती आवर्जून पाहावी. ही कल्पना बसची नव्हे, ट्रामची. बसने ती नंतर उचलली.

बस आली १५ जुलै १९२६ रोजी. मार्ग होता अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. सुरुवातीला बस बऱ्या स्थितीतल्यांची आणि ट्राम गोरगरिबांची, अशी विभागणी होती. दुमजली बस १९३७ मध्ये दाखल झाली. स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ७ ऑगस्ट १९४७ रोजी, कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली. पुढे १९९५ मध्ये नावातले ‘बॉम्बे’ जाऊन ‘बृहन्मुंबई’ आले. आद्याक्षर तेच असल्याने ‘बेस्ट’ मात्र बेस्टच राहिली.

मग ट्राम गेली का?

ट्रामला रूळ सोडून बाजूला होता येत नाही. रस्त्यावर मोटारी आणि बस वाढल्या, तशी मध्ये उभी राहिलेली ट्राम सगळ्यांनाच अडथळा वाटू लागली. १९५३ पासून तोट्यातले मार्ग एकेक करून बंद होत गेले. शेवटची गाडी बोरीबंदर ते दादर धावली. मधल्या काळात ट्रॉलीबसचा प्रयोग झाला. डोक्यावरच्या तारांतून वीज घेणारी, पण रूळ नसलेली ही बस १९६२ मध्ये गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर सुरू झाली आणि १९७१ मध्ये बंदही पडली. आज विजेवरच्या बसचे कौतुक सुरू असताना हा प्रयोग फारसा कोणाला आठवत नाही.

ट्राम गेली तरी सगळे रूळ उखडले गेले नाहीत, त्यांच्यावर डांबर पडत गेले. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराचे काम सुरू असताना जमिनीखालून ट्रामचे रूळ आणि दगडी फरशी वर आली, तेव्हा कार्यालये सुटल्यावर लोक वाकून वाकून पाहात होते.

जुन्या तिकिटात पाहण्यासारखे काय?

आज मोबाइलवर तिकीट काढणाऱ्या पिढीला प्रतिकृतींपेक्षा हीच मांडणी जास्त बोलकी वाटू शकते. दरानुसार वेगवेगळ्या रंगांची कागदी तिकिटे, टप्प्यांचे छापील आकडे आणि त्यावर कंडक्टरने पाडलेले भोक. हे भोक हाच हिशेब होता. कुठे चढला आणि कुठपर्यंतचे पैसे भरले, हे तपासनीस त्यावरून सांगे. पंचची टकटक ऐकली की खिडकीत डोके टेकून झोपलेला प्रवासीही खिसे चाचपू लागे. विनोदी अभिनेते जॉनी वॉकर, म्हणजे बद्रुद्दीन काझी, पडद्यावर येण्याआधी बेस्टमध्ये कंडक्टरच होते.

भाड्याचा इतिहासही तिकिटांवरून वाचता येतो. २०१९ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवर आणले गेले होते. ते दुप्पट होऊन दहा रुपये झाले ९ मे २०२५ रोजी. तारीख पुन्हा पाहा. पहिली ट्राम धावली तीही ९ मेलाच. योगायोगच, पण दीडशे वर्षांच्या प्रवाशाला तो फारसा सुखाचा नाही.

आत्ताच हे पाहण्याची घाई कशाला?

कारण रस्त्यावरची बेस्ट वेगाने बदलते आहे. एकेकाळी चार हजारांवर असलेला ताफा आटला. स्वतःच्या बस घटत गेल्या आणि भाडेतत्त्वावरच्या वाढल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ९०० डबल डेकर होत्या. चालवण्याचा खर्च जास्त म्हणून २००८ नंतर नव्या घेतल्या गेल्या नाहीत. वयोमर्यादा संपली आणि १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीतील आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर जुनी लाल डबल डेकर शेवटची धावली. लोकांनी तिला फुले वाहिली. वरच्या मजल्यावर पुढच्या काचेजवळची जागा मिळावी म्हणून एक बस सोडून दुसरीची वाट पाहणारे त्यात बरेच होते. त्याच वर्षी वातानुकूलित, विजेवर चालणारी दुमजली बस आली खरी, पण तिच्या बंद काचेतून वारा येत नाही.

तेव्हा बसप्रेमींनी मुख्यमंत्री आणि बेस्ट प्रशासनाला पत्रे लिहून निदान दोन जुन्या डबल डेकर संग्रहालयासाठी राखाव्यात, अशी मागणी केली होती. मागणीमागचे कारण संग्रहालयातच दिसते. प्रतिकृतीवरून आकार कळतो, रंग कळतो. जिन्याचा दांडा धरून वळणावर तोल सावरणे म्हणजे काय, हे त्यावरून कळत नाही. ट्रामच्या बाबतीत ती वेळ निघून गेली. डबल डेकरच्या बाबतीत प्रश्न काही टन पत्र्याच्या भंगाराच्या किमतीचा आणि आगारातल्या दोन गाड्यांच्या जागेचा आहे. मुंबईत आगाराच्या जागेला काय भाव आहे, हे वेगळे सांगायला नको.

जायचे कसे?

हार्बर मार्गावरचे गुरू तेग बहादूर नगर हे जवळचे स्थानक. तिथून बस किंवा रिक्षाने आणिक आगार गाठता येते. आगार चालू असल्याने आत वळणाऱ्या गाड्यांकडे लक्ष ठेवावे, लहान मुलांचा हात सोडू नये. संग्रहालय आठवड्याचे सगळे दिवस खुले नसते. निघण्यापूर्वी बेस्टकडे दिवस आणि वेळ विचारून घ्यावी, शाळेचा गट नेणार असाल तर नक्कीच. आणि शक्य असेल तर जाताना बसनेच जा, दहा रुपयांपासून तिकीट आहे.