५७ किलोंचा पैलवान: हगाम्यातल्या समजुती आणि खरी गोष्ट

दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली गावं निम्मी रिकामी होतात. कोयते, बिऱ्हाड आणि लहानगी पोरं घेऊन नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघतात. चैत्राच्या आसपास पट्टा पडतो, म्हणजे गाळप संपतं, माणसं परततात आणि जत्रांचा मोसम सुरू होतो. छबिन्याच्या, म्हणजे देवाच्या मिरवणुकीच्या, दुसऱ्या दिवशी हगामा, म्हणजे कुस्त्यांचं मैदान. दुपारी उन्हातच हलगी कडाडायला लागते. पहिल्यांदा रेवड्यांच्या कुस्त्या: आठ-दहा वर्षांची पोरं, कुणाची लांग सैल, कुणाचं नाक गळतंय. मग पन्नास, शंभर, पाचशे अशी बोली चढत जाते. गर्दी मात्र येते ती ऊन कलल्यावर, शेवटच्या मानाच्या कुस्तीला. शंभर-सव्वाशे किलोंचे दोन गडी मैदानात आले की झाडावर, भिंतीवर, ट्रॉलीवर जागा मिळेल तिथे माणूस चढतो.

पैलवानकीविषयी आपल्या बहुतेक समजुती या शेवटच्या कुस्तीतून आल्या आहेत. आधीच्या दोन-अडीच तासांत जे घडतं, ते कुणी नीट पाहतच नाही. म्हणून या जिल्ह्याने देशाला जो सर्वांत मोठा मल्ल दिला, त्याची कारकीर्दही आपल्यातल्या पुष्कळांना नीट उमगलेली नाही.

‘पैलवान म्हणजे धिप्पाडच पाहिजे’

पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत फ्रीस्टाइल कुस्तीचं सुवर्ण जिंकला. अंतिम फेरीत त्याने कॅनडाच्या स्टीव्हन ताकाहाशीला १५–७ असं हरवलं. गट होता ५७ किलो. आपल्या हगाम्यात या वजनाच्या गड्याची कुस्ती दुपारच्या उन्हात, निम्म्या मैदानासमोर लागते.

ही काही एकट्या राहुलची गोष्ट नाही. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, ते बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलोंपर्यंतच्या. टोकियोत रवी दहियाला रौप्य मिळालं, ५७ किलोत. २०२४ ला पॅरिसमध्ये अमन सेहरावतला कांस्य मिळालं, तेही ५७ किलोत. कुस्तीतल्या भारताच्या ऑलिंपिक पदकांपैकी तीन एकाच वजनात आहेत आणि ते वजन आपल्या कॉलेजातल्या साध्या पोराचं आहे. ऑलिंपिकच्या सव्वाशे किलो गटात भारताला आजवर एकही पदक नाही.

तरी गावात कुणी विचारतंच, ‘एवढासा गडी, ह्यो कसला पैलवान?’ हगाम्यात काटा नसतो, वस्ताद आणि पंच नजरेने जोड लावतात, त्यामुळे वजन ही काटेकोर मोजायची गोष्ट आहे हे आपल्या मनात रुजलेलंच नाही.

‘खरा मोठा तो, जो महाराष्ट्र केसरी होतो’

महाराष्ट्र केसरीची गदा १९६१ पासून मानाची आहे आणि तो मान तिला शोभतो. पण तो किताबी गट ८६ ते १२५ किलोंचा असतो. मातीतला विजेता आणि गादीवरचा विजेता अंतिम कुस्तीत भिडतात. ५७ किलोंच्या मल्लाला त्या किताबासाठी उतरताच येत नाही. राहुल ‘केसरी’ नाही म्हणून त्याला कमी लेखणारे लोक मला भेटले आहेत. खाशाबा जाधव आज हयात असते, ऐन उमेदीत असते, तरी त्यांनाही त्या गटात जागा नव्हती, एवढं उत्तर मी त्यांना देतो.

‘जागतिक पदक मिळालं, म्हणजे ऑलिंपिकचं तिकीट पक्कं’

हा गैरसमज सगळ्यांत जास्त जिव्हारी लागणारा आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये कझाकस्तानात, नूर-सुलतानला जागतिक स्पर्धा झाली. भारताने तिथे पाच पदकं जिंकली. दीपक पुनियाला रौप्य, बजरंग पुनिया, विनेश फोगट, रवी दहिया आणि राहुल आवारे यांना कांस्य. राहुलने अमेरिकेच्या टायलर ग्राफला ११–४ ने हरवून ते मिळवलं. या पाचांपैकी चौघांच्या पदकांनी देशाला टोकियो ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. राहुलच्या पदकाने दिली नाही.

कारण वजनगटांच्या यादीत आहे. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये जागतिक स्पर्धा दहा गटांत होते: ५७, ६१, ६५, ७०, ७४, ७९, ८६, ९२, ९७ आणि १२५. ऑलिंपिकमध्ये त्यातले सहाच असतात: ५७, ६५, ७४, ८६, ९७ आणि १२५. राहुल त्या वर्षी ६१ किलोत खेळला होता, आणि ६१ किलो ऑलिंपिकमध्ये नाहीच. खाली चार किलो उतरायचं तर ५७ मध्ये रवी दहिया उभा. वर चार किलो चढायचं तर ६५ मध्ये बजरंग. तेव्हा दोघेही जगातल्या पहिल्या फळीतले. एका देशाला एका गटात एकच मल्ल पाठवता येतो, या नियमापुढे ताकद, डाव, जिद्द काही चालत नाही.

त्याआधीचाही हिशोब असाच आहे. २०१२ ला लंडनमध्ये ५५ किलोत अमित कुमार गेला, २०१६ ला रिओत ५७ किलोत संदीप तोमर. राहुलने २००८ साली पुण्यात युवा राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण घेतलं होतं, आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत २०११, २०१९ आणि २०२० अशी तीन कांस्यपदकं घेतली, २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळवला. ऑलिंपिकच्या गादीवर त्याचा पाय मात्र पडला नाही. ‘ऑलिंपिकला गेला नाही म्हणजे कुठेतरी कमी पडला’ असं म्हणणाऱ्यांनी वजनांची ती यादी एकदा शेजारी ठेवून बोलावं.

‘मातीत जिंकणारा गादीवरही जिंकतो’

राहुलचे वडील बाळासाहेब आवारे स्वतः पैलवान. पोराची सुरुवात मातीतच झाली. पुढे तो पुण्याला गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारांच्या हाताखाली गेला आणि त्यानंतर काका पवारांकडे. हा प्रवास पुण्याकडे का वळला, ते समजून घेण्यासारखं आहे.

हळद, ताक, तेल, लिंबू घालून मळलेली तांबडी माती पाय धरून ठेवते. तिथे गडी सावकाश भिडतो, मान तोलतो, हाताची पकड आजमावतो. निकाल एकच, पाठ लागली की चितपट. दहा-पंधरा मिनिटं दोघांनी एकमेकांना नुसतं रेटलं तरी प्रेक्षक थांबतो. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये तीस सेकंदांची उसंत. पट काढून मागे गेलं की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की एक, उचलून टाकलं तर चार किंवा पाच. दहा गुणांची आघाडी झाली की पाठ न लागताही कुस्ती संपते. नुसतं रेटत राहिलं तर पंच ताकीद देतो आणि समोरच्याला गुण मिळतो.

म्हणजे मातीत जो गुण, तो गादीवर दोष ठरतो. धीर धरणं मातीत शहाणपणाचं, गादीवर तोट्याचं. ढाक, कलाजंग, एकेरी पट हे डाव दोन्हीकडे आहेत, पण गादीवर ते तिसऱ्या सेकंदाला मारावे लागतात, आणि फसला तर चौथ्या सेकंदाला दुसरा. ही घाई अंगात मुरायला वर्षं लागतात आणि रोज गादी लागते. माती कमअस्सल आहे असं मी म्हणणार नाही. तिने मान, कंबर आणि दम घडवला. मात्र सोळाव्या वर्षी पहिल्यांदा गादी पाहणारा पोरगा हरियाणाच्या पोरापुढे उभा राहतो, तेव्हा तो काही वर्षं उशिरा आलेला असतो.

‘खुराक भरपूर, की झाला पैलवान’

दूध, तूप, बदाम, मटण, थंडाई. पैलवानाचं नाव काढलं की आपल्याला त्याचं ताट आठवतं. खरं तर वरच्या पातळीवरच्या मल्लाचे कितीतरी दिवस उपाशी जातात. बहुतेक गडी एरवी आपल्या गटापेक्षा काही किलो जड असतात आणि स्पर्धेआधी ते वजन तोडतात. बंद खोलीत अंगावर दोन-दोन जर्किन घालून पळणं, घाम काढणं, पाण्याचा घोट तोंडात घेऊन थुंकून टाकणं. ओठ फुटतात, डोळे आत जातात. पहाटे काट्यावर उभं राहताना चड्डीचंसुद्धा वजन जड वाटतं.

पूर्वी वजन स्पर्धेच्या आदल्या दिवशी व्हायचं, सावरायला रात्र मिळायची. २०१८ पासून जागतिक संघटनेने प्रत्येक गट दोन दिवसांचा केला आणि दोन्ही दिवशी सकाळी वजन घ्यायला सुरुवात केली. पॅरिसमध्ये विनेश फोगट अंतिम फेरीच्या सकाळी ५० किलोंवर १०० ग्रॅम भरली आणि बाद झाली. १०० ग्रॅम म्हणजे चहाचा लहान कप. त्याच स्पर्धेत अमन सेहरावतने उपांत्य फेरीनंतर एका रात्रीत, साधारण दहा तासांत, ४.६ किलो वजन उतरवलं आणि मग कांस्य जिंकलं. हे मी कौतुकाने सांगत नाही. वाढत्या वयाच्या पोरांनी हे पाहून घरच्या घरी पाणी तोडू नये, म्हणून सांगतो.

कानांबद्दलही एक समजूत आहे, की वस्ताद कान मुद्दाम फोडतात. तसं नसतं. डोकं डोक्याला घासून कानाची पाळी चेपते, कातडी आणि कूर्चेच्या मध्ये रक्त साकळतं, ते वेळीच काढलं नाही तर तिथेच घट्ट होऊन बसतं. लवकर डॉक्टरकडे नेलं तर कान बऱ्याचदा वाचतो.

‘ताकद आहे, तर कुठल्याही खेळात चालेल’

याचा दाखला अमेरिकेतून देतो, कारण इतका स्वच्छ दाखला दुसरीकडे सापडत नाही. गेबल स्टीव्हसन हा टोकियो ऑलिंपिकमधला १२५ किलो गटाचा सुवर्णविजेता. जॉर्जियाच्या जगज्जेत्याला त्याने अगदी शेवटच्या सेकंदांत हरवलं होतं. २०२४ च्या मे महिन्यात त्याला बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाने करारावर घेतलं, बचाव फळीतला आघाडीचा गडी म्हणून. आपल्याकडच्या फुटबॉलशी त्या खेळाचा संबंध नाही. तिथे शंभर ते दीडशे किलोंचे गडी समोरासमोर वाकून, हात जमिनीला टेकवून उभे राहतात आणि चेंडू हलला की एकमेकांवर तुटून पडतात. बचाव फळीच्या गड्याने समोरची भिंत फोडून चेंडूवाल्याला पाडायचं. ज्याची कंबर खाली तो जिंकतो, हे तत्त्व कुस्तीचंच. म्हणून संघाला वाटलं, हा जमवेल.

स्टीव्हसनने हा खेळ आधी कधीच खेळला नव्हता. उन्हाळ्यात संघाच्या शिबिरात नव्वद गडी असतात आणि हंगामाआधी त्यातून त्रेपन्नच उरतात. ऑगस्टअखेर गाळले गेले त्यांत तो होता. ऑलिंपिक विजेत्यालाही चेंडूबरोबर निघणारं पहिलं पाऊल तीन महिन्यांत शिकता आलं नाही. तो परत कुस्तीकडे वळला. ज्यांना जागा मिळते त्यांचीही तिथली कारकीर्द खेळाडूंच्या संघटनेच्या हिशोबाने सरासरी साडेतीन वर्षांच्या आतच संपते. पैसा अफाट, पण काळ एवढासा.

‘पदक आलं, आता जन्माची ददात मिटली’

राहुल आवारे महाराष्ट्र पोलिस दलात उपअधीक्षक झाला. हे पाहून पुष्कळ बापांना वाटतं, पोराला तालमीत घातलं की नोकरी ठरलेली. पण ते पद अनेक वर्षांच्या आंतरराष्ट्रीय कमाईवर मिळालं. जत्रेतली गदा सरकार मोजत नाही. सरकारी भरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं, आणि पडताळणीत ते टिकावं लागतं.

खाशाबाही पोलिसातच होते. १९५५ साली उपनिरीक्षक म्हणून लागले, सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावं लागलं. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना त्यानंतर दीड दशकाने, मरणोत्तर मिळाला. एकाच वजनाचे, एकाच खात्यातले हे दोन मल्ल. दोघांच्या मध्ये सहा दशकांहून अधिक काळ आहे, आणि त्या काळात सरकारच्या वागण्यात बदल झाला, तो मी मोकळेपणाने मान्य करतो.

तालमीत पोरगा घालणाऱ्या आईबापांना माझं सांगणं आहे. वस्तादांना तीन गोष्टी विचारा: इथे गादी आहे का, पोराचं वजन कोण पाहतं, आणि शाळेचं काय? ज्या जत्रा कमिट्या शेवटच्या एका कुस्तीवर लाखाची बोली लावतात, त्यांना हात जोडून विनंती आहे, की त्यातले थोडे पैसे बाजूला काढून तालुक्याच्या तालमीसाठी एक गादी आणि एक वजनकाटा घ्या. आणि पुढच्या हगाम्याला दुपारी तीनलाच या. रेवड्यांच्या कुस्त्या तेव्हाच लागतात.